मिनिटाला चाळीस शब्द

परकी भाषा अस्खलित बोलण्याच्या मार्गात एकच खरी धोंड असते, आणि ती म्हणजे समोरचा माणूस. तो मध्येच बोलतो, भलतेच विचारतो आणि उत्तराची वाट बघत आपल्या तोंडाकडे टक लावून बसतो. ही धोंड बाजूला सारली की भाषा आपोआप वाहू लागते.

हा शोध लावणारे आमच्या संभाषण वर्गाचे संचालक पूर्वी टंकलेखनाचे वर्ग चालवत. पुढे टंकलेखनाला कोणी विचारेना, यंत्रे भंगारात गेली. पण बाके, फळा आणि स्टॉपवॉच शिल्लक होते. सरांनी पाटीवरचा एक शब्द बदलला आणि नियम तेच ठेवले : मिनिटाला चाळीस शब्द, आणि थांबला तो संपला. मी या वर्गाचा पर्यवेक्षक आहे, तेव्हा पुढील माहिती अधिकृत समजावी.

एक. रोज सकाळी वीस मिनिटे कपाटाशी बोलावे. (आरशाशी नको. आरशातला माणूस तोंड हलवतो.)

दोन. दोन सेकंदांहून जास्त थांबू नये. शब्द आठवला नाही तर 'हं हं, बरोबर' किंवा 'फारच छान प्रश्न' यांपैकी काहीही ठोकून द्यावे.

तीन. कोणी काहीही विचारो, पाठ केलेल्या तीन विषयांपैकी एक सुरू करावा : माझे कुटुंब, आजचे हवामान, आमचे रेल्वे स्थानक.

चार. परीक्षेच्या आठ दिवसांत आपली भाषा कानावर पडली, तरी पडली नाही असे समजावे.

गेल्या वर्षी दोनशे बारा विद्यार्थ्यांपैकी दोनशे नऊ जण अस्खलित झाले. उरलेल्या तिघांना प्रश्न कळला, आणि ते तिथेच अडकले.

याच वर्गात एक म्हातारे घड्याळजी आले. त्यांचा लौकिक असा, की बंद पडू लागलेले घड्याळ कानाला लावायचे, गिऱ्हाइकाला 'जरा गप्प बसा हो' म्हणायचे आणि झाकण न उघडता दुखणे सांगायचे. थोडक्यात, आयुष्यभर ऐकण्याची वाईट सवय. त्यांची मुलगी परदेशात होती. सहा वर्षांची नात पहिल्यांदाच आजोळी आठ दिवस येणार होती, आणि तिला आपली भाषा येत नव्हती.

"माझ्याशी चाळीस वर्षांत चाळीस शब्द बोलला नाहीत," त्यांची बायको म्हणाली, "आणि आता नातीशी मिनिटाला चाळीस?"

"तिच्याशी बोलायचंय गं मला," घड्याळजी म्हणाले. "ती आली आणि मी नुसता बघत बसलो, तर काय उपयोग?"

तीन महिन्यांत त्यांनी कपाटाला पार नमवले. अंतिम परीक्षा नातीच्या मुक्कामातच आली, त्यामुळे नियम चार आपोआप लागू झाला. सरांनी मला स्टॉपवॉच देऊन त्यांच्या घरी बसवले.

नात दारात आली. आजोबांकडे बघून तिने मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "आजोबा, मला..."

शब्द आपल्या भाषेतले होते, म्हणजे ऐकू आलेले नव्हते. घड्याळजींनी परक्या भाषेत रेल्वे स्थानक सुरू केले. (नात त्याच स्थानकावरून नुकतीच आली होती. तरी तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मुलीला वळण चांगले आहे.) मिनिटाला सेहेचाळीस शब्द, विराम शून्य.

आठ दिवसांत पोरीने एकोणीस वेळा 'आजोबा, मला' म्हटले. माझ्या वहीत त्याची नोंद 'व्यत्यय' अशी आहे. मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, जरा थांबा ना, तिला बोलू द्या." यावर घड्याळजींनी हवामान सांगितले. पाचव्या दिवसापासून नात आजोबांसमोर यायचे टाळू लागली, त्यामुळे त्यांचा वेग एकावन्नावर गेला.

नववा दिवस उजाडला, परीक्षा संपली. घड्याळजी वर्गात पहिले आले. प्रमाणपत्र द्यायला मी घरी गेलो, तेव्हा बॅगा टॅक्सीत चढत होत्या. नात आत बसून काचेबाहेर बघत होती.

"बाबा," मुलगी म्हणाली, "कुणाला सांगायचं नाही असं वचन घेतलं होतं तिनं माझ्याकडून. तीन महिने एकच वाक्य पाठ करत होती, खास तुमच्यासाठी."

"कुठलं गं?"

"'आजोबा, मला घड्याळाचं बोलणं ऐकवाल?'"

घड्याळजींनी तोंड उघडले. कुटुंब, हवामान, स्थानक, काहीच आठवेना. हात खिशाकडे गेला, पण घड्याळ दुकानात राहिले होते. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि टॅक्सी गेली. म्हातारा माणूस रस्त्यात उभा राहून रडत होता. ते कोणत्या भाषेत धरावे, याबद्दल नियमांत तरतूद नाही.

माझा नाइलाज होता. विराम मोजला, तो चार मिनिटांच्या वर गेला. ऐन वेळी कच खाल्ली गृहस्थांनी. प्रमाणपत्र मी परत नेले.

वर्गाच्या नव्या तुकडीत एकच जागा शिल्लक आहे. तुम्ही मात्र प्रवेशासाठी धावपळ करू नका. हे वाचत असताना आतल्या खोलीतून तुम्हाला कोणीतरी दोनदा काहीतरी विचारले, आणि तुम्ही मान वर न करता 'हं हं, बरोबर' म्हणालात. तुमचे प्रमाणपत्र तयार आहे.