गल्लीत शिरलेली रेघ

बांधकाम खात्याचे धाकटे साहेब दुपारी जेवायला घरी वळले, तेव्हा जीपमागच्या पिंपाची तोटी बंद करायची त्यांच्याकडून राहून गेली. चूक एवढीच. पुढचं सगळं त्या तोटीतून थेंबाथेंबाने गळत गेलं.

पिंपात चुन्याचं पाणी होतं. नव्या रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ मारायची होती आणि ती कुठून न्यायची याची खूण आधी करावी लागते. बँकेने रस्त्यासाठी दिलेल्या कर्जात रेघ मारायचं यंत्र होतं, रंग होता, अंधारात चमकावेत म्हणून रंगात मिसळायचे काचेचे मणीसुद्धा होते. नव्हती ती फक्त खुणेची दोरी. दोरी 'स्थानिक खर्चा'त मोडत होती आणि स्थानिक खर्चापुढे खात्याने केव्हाच हात वर केले होते. तेव्हा धाकट्या साहेबांनी डोकं लढवलं. जीपच्या मागे पिंप बांधलं, तोटी जराशी सोडली आणि रस्त्याच्या बरोबर मधून जीप चालवली. मागे थेंबांची सुरेख खूण उमटत गेली. त्या खुणेवरून तासाभराने रंगवाले काका यंत्र ढकलत येत होते.

काम आजच्या आज संपणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेच्या बाई पाहणीला यायच्या होत्या. त्यांचं समाधान झालं तर पुढचा हप्ता सुटणार आणि उरलेल्या चौदा किलोमीटरवर डांबर पडणार. नाही झालं तर पलीकडच्या गावांनी आणखी किती वर्षं धूळ खायची कोण जाणे. धाकट्या साहेबांची बदली कुठे होईल तेही मोठ्या साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं होतं. बोटाखाली नुसता निळा रंग होता.

धाकट्या साहेबांची गल्ली रस्त्यालाच लागून होती. ते आत शिरले, मधे झोपलेल्या कुत्र्याला वळसा घातला, टोकाच्या हापशाला फेरी मारून दाराशी थांबले, जेवले, दहा मिनिटं लवंडले आणि आल्या वाटेने बाहेर पडून पुढे गेले. तोटी आपली गळतच होती.

रंगवाले काका काम करताना मान वर करत नसत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी खूण तेवढी पाहिली होती आणि त्याच जोरावर त्यांच्या कामात कधी खोट निघाली नव्हती. खूण गल्लीत वळली, काका वळले. खुणेने कुत्र्याला वळसा घातला, काकांनीही घातला, आणि कुत्रा तोवर उठून गेला होता म्हणून कामात कुचराई केली नाही. दाराशी जीप थांबली होती तिथे चुन्याचं थारोळं साचलं होतं. काकांनी क्षणभर विचार केला आणि तिथे परातीएवढा गोल भरून काढला. मग खूण परत फिरली तसे तेही फिरले. अशा रीतीने गल्लीत शेजारी शेजारी दोन अखंड रेघा झाल्या. वाहतुकीच्या नियमांनुसार आता त्या गल्लीत कोणालाही ओव्हरटेक करायला सक्त मनाई होती.

संध्याकाळी धाकटे साहेब परतले आणि गल्लीच्या तोंडाशीच त्यांनी करकचून ब्रेक दाबला. मोठ्या रस्त्याची रेघ सरळ येत होती, डौलात गल्लीत वळत होती, आतून फिरून बाहेर येत होती आणि जणू काही झालंच नाही अशी पुढे जात होती. मधल्या पंधरा पावलांत रस्ता कोरा.

दारात त्यांच्या आत्या उभ्या होत्या. आत्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं मुख्य परिचारिका होत्या आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळी गल्लीच वॉर्डासारखी ताब्यात घेतली होती. त्यांना रेघ फार आवडली होती. काम करणारा माणूस किती मन लावून काम करत होता, आपण त्याला दोनदा पाणी दिलं, हेही त्यांनी सांगितलं.

साहेबांनी काकांना बोलावून घेतलं. रेघ खरवडून निघेल का, असं विचारलं.

काकांना वाटलं, साहेब कामाची परीक्षा घेताहेत. "पाच वर्षं हलायची नाही," ते अभिमानाने म्हणाले. "वरून रणगाडा जाऊ द्या."

मग निदान मधली पंधरा पावलं तरी जोडून द्या, असं साहेब म्हणाले. तेव्हा काकांनी रिकामा डबा उलटा करून दाखवला. रंग बँकेने इंचाइंचाचा हिशोब करून पाठवला होता आणि त्या हिशोबात हापसा धरलेला नव्हता.

माती टाकून रेघ झाकावी असं साहेबांच्या मनात आलं. आत्यांनी ते उडवून लावलं. झाडलेल्या गल्लीत माती टाकणारा अजून जन्माला यायचा होता. शेवटी साहेबांनी ठरवलं, पहाटे लाल झेंडा घेऊन गल्लीच्या तोंडाशी स्वतः उभं राहायचं आणि बाईंची गाडी सरळ काढून द्यायची.

पहाटे धुकं पडलं. असं दाट, की साहेबांना झेंड्याची काठी दिसत होती, झेंडा दिसत नव्हता. ते दाराबाहेर पाऊल टाकतात तो समोर सिमेंटचा ट्रक. ड्रायव्हर खिडकीतून वाकून रस्त्याकडे बघत हळूहळू येत होता. एवढ्या धुक्यात मधली रेघ धरून चालणं तेवढं आपल्या हातात आहे, रेघ मारणाऱ्याचं कल्याण होवो, असं तो साहेबांनाच म्हणाला. हापशाला फेरी मारली आणि निघून गेला. आपण कुठे येऊन गेलो याचा त्याला पत्ताही लागला नाही.

त्याच्यामागून दुधाचा टेंपो आला. मग सकाळची बस आली आणि परातीएवढ्या गोलावर बरोबर थांबली, कारण एवढा मोठा गोल म्हणजे थांबा असणारच, असं कंडक्टरचं मत पडलं. साहेब हातवारे करत पुढे धावले. त्यांनी बसच थांबवली असा सगळ्यांचा समज झाला. शेजारच्या आजोबांना दर आठवड्याला तपासणीसाठी दवाखान्यात जावं लागे आणि मोठ्या रस्त्यापर्यंत चालताना ते तीनदा खाली बसत. आत्यांनी त्यांना हाताला धरून दारातूनच बसमध्ये चढवलं. आजोबांनी खिडकीतून साहेबांना हात जोडले. साहेबांनीही जोडले, पण ते बस लवकर निघावी म्हणून.

बस वळली आणि तिच्यामागे पांढरी गाडी दिसली. झेंडा साहेबांच्या हातातून गळून पडला.

बँकेच्या बाई उतरल्या. हातात नकाशा, डोळ्यांवर चष्मा, चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी नकाशा पाहिला, हापसा पाहिला, पुन्हा नकाशा पाहिला.

"हा भाग नकाशात दिसत नाही," त्या म्हणाल्या.

तोटीपासून सुरुवात करावी की दोरीपासून, हे साहेबांना ठरवता येईना. बाई तोवर चालू लागल्या होत्या. त्यांनी गटाराचं झाकण उचलून आत पाहिलं. बुजवलेल्या एका खड्ड्यावर बुटाची टाच दाबून पाहिली. मग दुसऱ्या खड्ड्यावर. धुकं विरत चाललं होतं आणि बाईंच्या कपाळाला आठ्या पडत चालल्या होत्या.

"हा रस्ता किती वर्षांचा आहे?"

"एकोणीस," आत्या म्हणाल्या.

"याची देखभाल कोण करतं?"

"मी," आत्या म्हणाल्या. "म्हणजे करून घेते. दर रविवारी, घरटी एक माणूस आणि एक पाटी खडी."

खड्डा कसा भरता, असं बाईंनी विचारलं. आत्यांना त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही. "जखम भरतात तसा. आधी कडा साफ करायच्या, आतली घाण काढायची, कोरडं करायचं, मग भरायचं आणि दाबून बसवायचं. तुमच्या मोठ्या रस्त्यावर लोक नुसती वरून पट्टी लावतात. आत पू राहतो."

शेवटचं वाक्य ऐकून साहेबांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बाई आत्यांच्या ओट्यावर बसून चहा पीत होत्या आणि वहीत लिहीत होत्या. गेली बावीस वर्षं आपण देशोदेशी रस्त्यांना कर्ज देत हिंडतो आहोत, असं त्या आत्यांना सांगत होत्या. रस्ता बांधायला सगळे तयार असतात, फीत कापायला तर त्याहून जास्त, पण पुढे गटार उपसायला कोणी मिळत नाही. मग दहा वर्षांनी त्याच रस्त्यासाठी पुन्हा कर्ज. एक छदाम न घेता एकोणीस वर्षं टिकवलेला रस्ता त्या आज पहिल्यांदा बघत होत्या. हा नमुना दाखवण्यासाठी साहेबांनी मुद्दाम रेघ आत वळवली, ही कल्पना त्यांना फारच धाडसी वाटली.

साहेबांनी तोंड उघडलं होतं. आत्यांनी त्यात बिस्कीट ठेवलं.

हप्ता महिन्याभरात सुटला. त्याच्याबरोबर एक अटही आली. सगळ्या रस्त्याची देखभाल कडेच्या रहिवाशांच्या समितीने बघायची आणि समितीच्या अध्यक्षा आत्या. मोठ्या साहेबांनी आत्यांचा सत्कार केला आणि भाषणात ही योजना पहिल्यापासून आपल्याच मनात होती असं सांगितलं. बदलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता दर रविवारी सकाळी सहाला आत्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसतात आणि साहेब जीप चालवतात. पहिल्याच फेरीत सतराव्या किलोमीटरला आत्यांनी जीप थांबवायला सांगितली. कडेला एक खड्डा पडला होता. त्याचं अंदाजपत्रक करावं लागेल, मग मंजुरी, मग निविदा, असं साहेबांनी समजावून सांगितलं. आत्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मागून फावडं काढून त्यांच्या हातात दिलं.

वर्षाच्या शेवटी साहेबांचा गोपनीय अहवाल नव्या नियमाप्रमाणे समितीच्या अध्यक्षांकडे शेऱ्यासाठी गेला. पाकीट परत आल्यावर मोठ्या साहेबांनी ते धाकट्या साहेबांसमोरच उघडलं. शेऱ्याच्या रकान्यात आत्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

"प्रकृतीत सुधारणा आहे. घरी सोडण्याची घाई करू नये."