सासरे अजून हवेत आहेत

नकाशा कचेरीतल्या त्या आरेखकाला ऑफिसात सगळे 'फूटपट्टी' म्हणत, आणि त्याचा त्याला मुळीच राग नव्हता. राग होता तो सासऱ्यांचा. बारा वर्षांपूर्वी त्यांना स्टेशनवर घ्यायला तो चाळीस मिनिटं उशिरा गेला होता. ही गोष्ट सासऱ्यांनी त्यानंतरच्या प्रत्येक लग्नात सांगितली (आणि एका अंत्ययात्रेतसुद्धा). आता ते पहिल्यांदाच विमानाने येणार होते. या खेपेला आधी आपण हजर, मग विमान, असं त्याने ठरवलं.

बायकोने तिकीट दाखवलं. सुटणार दहाला, पोचणार सव्वाअकराला.

"सव्वा तासात?" तो उसळलाच. बैठकीच्या भिंतीवर त्याने स्वतः काढलेला मोठा नकाशा होता (बायकोला तिथे आरसा हवा होता). त्यावर त्याने पट्टी धरली. "अठराशे किलोमीटर! ताशी आठशेने गेलं तरी सव्वादोन तास होतात. विमान आहे की तोफेचा गोळा? लोकांना मूर्ख समजतात की काय?"

"अहो, पण छापलंय ना तसं."

"छापील थापा आहेत!"

त्याने लाल पेन्सिलीने तिकिटावरचे सव्वाअकरा खोडून सव्वाबारा केले, तेव्हा कुठे त्याला बरं वाटलं.

सासरे यायच्या दिवशी साडेअकराला तो निवांत शर्टाला इस्त्री करत होता. फोन बायकोने घेतला.

"अहो, बाबा पोचलेत. जावई कुठायत विचारतायत."

"शक्य नाही. ते आत्ता हवेत आहेत. अजून सहाशे किलोमीटर बाकी आहेत."

"अहो, ते बॅगेवर बसून बोलतायत!"

"मग मधेच कुठेतरी उतरवलंय त्यांना. विचार, पाटीवर गावाचं नाव काय आहे?"

बायकोने विचारलं. वडील जे बोलले ते तिने नवऱ्याला सांगितलं नाही. "तुम्ही टॅक्सीच करा, बाबा," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

फूटपट्टीने रागारागाने विमान कंपनीला फोन लावला. "माझ्या म्हाताऱ्या सासऱ्यांना सहाशे किलोमीटर अलीकडे उतरवलंत! लाज कशी वाटत नाही?"

"सर, वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. तिकडचं घड्याळ..."

"मला भूगोल शिकवू नका! मी नकाशे काढतो!"

असं अर्धा तास चाललं. मग जळका वास आला. शर्टाच्या पाठीवर इस्त्री तशीच राहिली होती. त्याच वेळी बेल वाजली.

दारात सासरे. समोर जावई, अंगात नुसता बनियन, कानाला फोन. "ते अजून हवेत..." एवढं म्हणून तो थांबला.

सासरे आत आले आणि चष्मा सावरून नकाशासमोर उभे राहिले. त्यांचं गाव उजवीकडे, जावयाचं डावीकडे, आणि मधून एक लाल ठिपक्यांची रेघ. तिच्या कडेची बारीक अक्षरं त्यांनी मोठ्याने वाचली.

"'या रेषेच्या पश्चिमेला घड्याळ एक तास मागे.' खाली सही कुणाची आहे?"

सही कुणाची ते जावयाला पाहावं लागलं नाही. पट्टी त्याने त्याच रेघेवरून नेली होती.

"पण हिशेब बरोबर होता," तो पुटपुटला. "सव्वादोनच तास लागले ना?"

"लागले की. आणि अक्षरही सुरेख आहे हो, जावईबापू. पुढच्या लग्नात सांगतो सगळ्यांना."