टिपणीसकाकांची घंटा

आमच्या टिपणीसकाकांनी एकदा सत्यनारायणाची कथा अध्यायागणिक थांबवली होती. पहिला अध्याय संपला, गुरुजींनी दुसऱ्यासाठी घसा खाकरला आणि काकांनी देवापुढचीच घंटा उचलून वाजवली. "चला, बूड उचला! गॅलरीतून एक फेरी!" पाटावरचं नवीन जोडपं उठलं. गुरुजींनी आधी काकांकडे पाहिलं, मग देवाकडे पाहिलं आणि तेही उठले. पाचवा अध्याय होईपर्यंत प्रसादाचा शिरा गार झाला. जाताना गुरुजी मला हळूच म्हणाले, "पण आज कंबर दुखली नाही हो."

आमची बिल्डिंग ठाकुर्लीतली, चार मजली, लिफ्ट नसलेली. दुसऱ्या मजल्यावर एका लांब गॅलरीत आमची बिऱ्हाडं. काकांचं दार पहिलं, माझं शेवटचं. काकांनी चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत टेबलाशी बसून काढली. गेल्या दिवाळीत काकू मोरीत पाय घसरून पडल्या आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, दर अर्ध्या तासाला उठायचं, चार पावलं टाकायची. बसून राहिलात तर पाय आखडेल आणि मग खुर्ची कायमची. हा हुकूम काकूंसाठी होता. काकांनी तो अख्ख्या मजल्याला लागू केला.

तेव्हापासून दर अर्ध्या तासाला घंटा. मी घरून काम करते, म्हणजे सकाळी नऊला खुर्चीत बसते ती अंधार पडल्यावर उठते. काका खिडकीशी हजर. "अगं सोनाली, टाकीत पाणी साचलं की डास होतात ना? तसंच रक्ताचं. हलव जरा!" हे शास्त्र त्यांनी कुठून आणलं, कोण जाणे. एकदा क्लायंटशी बोलत असताना घंटा वाजली. पलीकडून विचारणा झाली, "मॅडम, तुमच्याकडे आरती चाललीय का?" मी "हो" म्हटलं आणि उभी राहिले.

शेजारचे सोनवणे सर शाळेत शिकवतात. ते ओट्याशी उभं राहून पेपर तपासायला लागले. साठेवहिनी वाटाणे सोलताना गॅलरीत येरझाऱ्या घालायच्या, मागे सालांचा माग. खरं सांगायचं तर माझी पाठदुखी बरीच कमी झाली होती. पण ते मी काकांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी दर पंधरा मिनिटांनी घंटा वाजवली असती.

मग एका मंगळवारी माझं डोकं फिरलं. काम तुंबलेलं, नेट रखडलेलं आणि खिडकीत ती घंटा. "काका, आज नाही! मी काय तुमची पेशंट आहे का?" असं म्हणून मी खिडकी धाडकन लावून घेतली. सर शाळेत होते, साठेवहिनी टिटवाळ्याला गणपतीला गेल्या होत्या. गॅलरी रिकामी.

फटीतून मला काकू दिसल्या. वॉकर घेऊन दारापर्यंत आल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि आत वळल्या. अर्ध्या तासाने पुन्हा घंटा वाजली, तेव्हा तर दारापर्यंतही आल्या नाहीत.

मी बाहेर गेले. काका कठड्याशी उभे होते.

"तिला एकटीला वॉकर घेऊन चालायची लाज वाटते गं," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणते, सगळे बघतात, म्हातारी झाले म्हणतात. सगळेच चालत असले की येते." मग म्हणाले, "चौतीस वर्षं म्हणायची, अहो, संध्याकाळी जरा फिरून येऊ. मी दमलोय म्हणून घरी येऊन पुन्हा खुर्चीतच. आता मी मोकळा, तर तिचा पाय असा."

मला स्वतःचीच लाज वाटली. "काका, वाजवा," एवढंच म्हटलं, आणि हेडफोन लावून मोठमोठ्याने बोलत गॅलरीत चालायला लागले. दोन फेऱ्या झाल्या तरी काकू आल्या नाहीत. तिसऱ्या फेरीला वॉकरचा आवाज आला.

संध्याकाळी मी सरांना आणि वहिनींना सगळं सांगितलं. त्यानंतर आम्ही कुणी घंटेची वाट पाहिली नाही. सर बर्म्युडा घालून अशा झपाट्याने चालायचे की काकू म्हणाल्या, "अहो सर, जरा हळू, मला मागे टाकताय."

महिन्याभराने काकू वॉकर वर ठेवून जिना उतरल्या. एक हात कठड्यावर, एक काकांच्या कोपरात. आम्ही सगळे मागून, जणू प्रत्येकाचं खाली काहीतरी अडलंय अशा थाटात. सर तर रिकामा कचऱ्याचा डबा घेऊन निघाले होते. फाटकाशी आल्यावर काका थांबले. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"रडताय काय मध्येच?" काकू म्हणाल्या. "चाला."

फाटकासमोरच भाजीवाली बसते. काकूंनी मेथीची जुडी उचलली, देठ मोडून पाहिला, खाली ठेवली, दुसरी उचलली. मग काकांकडे वळल्या. "इतके महिने मला जून मेथी खायला घालत होतात होय!"

काका पिशवीचं तोंड उघडून उभे होते. "हो," ते म्हणाले. "आता रोज तूच निवड."