बुजगावण्याची ड्युटी

खिडकीवाल्यांनी आपला ऑफिसचा जुना कोट बुजगावण्याला द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात फक्त घार होती. पुढे जे झालं ते मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीमागे अर्धं आयुष्य गेलेलं, म्हणून लोक त्यांना खिडकीवाले म्हणत. समोरच्याने तोंड उघडलं रे उघडलं, की हे तोडगा सांगून मोकळे. घरीही तीच सवय. सासूबाई गेल्या, बायको रडत म्हणाली, "आईशिवाय घर खायला उठतं हो." तर हे काय म्हणाले? "रेडिओ लावत जा."

त्या दिवसापासून बायकोने बोलणंच टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. "जेवायला वाढलंय" आणि "गॅस संपत आलाय", बास. घरात इतकी शांतता, की फ्रिज घरघरायला लागला तरी खिडकीवाल्यांना सोबत वाटे. बायकोचं जे काही बोलणं उरलं होतं ते परसातल्या कोंबड्यांशी. सासूबाईंच्या कोंबड्या त्या, त्या इकडे राहायला आल्या तेव्हा सोबत आणलेल्या. दाणे टाकताना "ये गं, ये माझे बाई" एवढं तरी ऐकू येई.

आणि घारीने भरदिवसा एक पिल्लू उचललं. बायको जेवणावरून उठली. खिडकीवाल्यांनी लगेच हिशेब मांडला. कोंबड्या गेल्या तर घरातला उरलासुरला आवाजही जायचा.

म्हणून बुजगावणं. बांबूवर कोट, खाली पँट, डोकं म्हणून पेंढा भरलेला उशीचा अभ्रा आणि वर टोपी. घार आली, कोट पाहिला आणि आल्या वाटेने गेली. (त्या कोटाच्या जवळ ऑफिसातही कोणी फिरकत नसे.)

एका सकाळी खिडकीवाले दात घासत असताना परसातून बायकोचा आवाज आला. कोंबड्यांशी बोलायचा नव्हे, माणसाशी बोलायचा.

"आज आईची एक चप्पल सापडली. दुसरी कुठेच नाही. एकच चप्पल टाकायची तरी कशी?"

खिडकीवाल्यांनी डोकावून पाहिलं. ती बुजगावण्याशी बोलत होती. अगदी कोटाची कॉलर नीट करत. खिडकीवाल्यांचे डोळे भरून आले, आणि जळफळाटही झाला. बायकोचं मन मोकळं करायला एक पेंढ्याचा माणूस चालतो, आणि तोही आपल्याच कोटातला!

रविवारी ते "कटिंगला जातो" म्हणून बाहेर पडले आणि मागच्या दाराने परसात शिरले. बुजगावणं उपटून सरपणाच्या खोलीत कोंबलं, त्याचा कोट चढवला, अभ्र्यातला पेंढा काढून, डोळ्यांपुरती भोकं पाडून तो तोंडावर ओढला आणि हात पसरून उभे राहिले. काही बोलायचं नाही. नुसतं ऐकायचं. एवढं तर कोणालाही जमेल!

बायको दाण्यांचं भांडं घेऊन आली.

"आईचा नंबर अजून फोनमध्ये आहे," ती हळूच म्हणाली. "काल लावला. वाजत राहिला. वेड्यासारखी वाट बघत बसले, म्हटलं उचलेल."

अभ्रा आतून ओला झाला. पण खिडकीवाले हलले नाहीत. शाबास!

"काय करू रे मी त्या नंबरचं? सांग ना."

आता हा प्रश्न झाला. प्रश्न आला की खिडकीवाल्यांचं तोंड त्यांच्या ताब्यात राहत नसे.

"डिलीट करून टाक!" बुजगावणं म्हणालं.

बायको किंचाळली. भांडं उडालं, दाणे उघड्यावर सांडले, कोंबड्या तिकडे धावल्या, आणि घारीने तेवढी वेळ साधली. सासूबाईंची लाडकी लंगडी कोंबडी तिच्या पंजात!

"सोड! सोड म्हणतो ना!" खिडकीवाले धावले. अभ्रा फिरला, भोकं कानांवर गेली, आणि ते आंधळ्यासारखे थेट पत्र्याच्या पिंपावर आदळले. पिंप गडगडत गेलं. त्या दणक्याने घारीने कोंबडी टाकली आणि पळ काढला.

अभ्रा निघाला तेव्हा ते चिखलात बसलेले होते. समोर बायको, कुशीत लंगडी. पिसं गेलेली, जीव शाबूत.

"तुम्ही होतात?"

"हो."

"कधीपासून?"

"आजच. आधीचा खरा होता."

"डिलीट करून टाक म्हणे!" ती म्हणाली आणि कोंबडीच्या पाठीत तोंड खुपसून हुंदके देऊन रडली. इतक्या दिवसांचं सगळं रडली. खिडकीवाल्यांनी तोंड उघडलं, आणि नशीब, आत काही सापडलं नाही म्हणून मिटलं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले.

"ते कुठे ठेवलंत?"

"सरपणाच्या खोलीत."

"परत लावा. कोटही द्या त्याचा."

खिडकीवाल्यांनी मुकाट्याने कोट उतरवला, बुजगावणं होतं तिथे रोवलं, कॉलरसुद्धा नीट केली. मग घसा खाकरून विचारलं, "तू त्याच्याशी बोलशील तेव्हा... मीही ऐकलं तर चालेल?"

बायकोने एकदा बुजगावण्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"ऐका," ती म्हणाली. "पण तिकडे पिंपापाशी उभं राहून. आणि हात पसरूनच राहा, कोणीतरी घार हाकलायला हवी ना!"