सोनकांबळे काकांची आतली खोली

सोनकांबळे काकांच्या घरच्या ऑफिसात जायचं तर आधी काकूंच्या पलंगाला वळसा घालावा लागतो, मग स्वयंपाकघर लागतं, आणि तिथला चुलीवरचा तवा चुकवला की मागची खोली येते. क्लासवाल्या सरांना हे ठाऊक नसतं. ते कडक इस्त्रीच्या शर्टात, बूट हातात धरून आत शिरतात, परातीला ठेचकाळतात आणि काकूंची माफी मागतात. काकू म्हणतात, "असू द्या सर, समदेच ठेचकाळतेत." आतून काकांचा आवाज येतो, "सरळ या, सरळ."

काकांनी बांधकाम खात्यात जन्मभर नकाशे काढले. ते निवृत्त झाले तोवर लातुरात गल्लीगल्लीत क्लास निघाले होते. क्लास म्हटला की सराव प्रश्नपत्रिका आल्या, आणि त्यात आकृत्या आल्या. कप्प्या, भिंगं, बेडकाचं हृदय. काका त्या वयात कॉम्प्युटर शिकले आणि अशा देखण्या आकृत्या काढायला लागले की सर मंडळी घर शोधत येऊ लागली. मग घरात रीतसर ऑफिस करायचं ठरलं. मी समोरच राहतो आणि मला कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं, म्हणून मला बोलावणं आलं.

मी खिळे-हातोडी घेऊनच गेलो होतो. काकांनी ती बाजूला ठेवायला लावली. "आधी नकाशा, मग खिळा." हे त्यांचं जन्माचं वाक्य. आलेख कागदावर खोली काढलेली होती. त्यात कॉम्प्युटर, प्रिंटर, इन्व्हर्टर, कचऱ्याचा डबा, सगळं आपापल्या जागी. त्यांनी मला खुर्चीत बसवून माझ्या कोपराची उंची मोजली, मग म्हणाले की तुम्ही लई उंच, तुमचं माप फिजूल गेलं.

सामान ठेवायची त्यांची तऱ्हाही निराळीच. गुडघ्याच्या वर एकही फळी नाही. कागदाचे गठ्ठे, शाईच्या डब्या, जुन्या फायली, सगळं बुटक्या रॅकांत, आणि रॅक भिंतीला बोल्टानं आवळलेले. "वर ठेवलेली चीज कधी तरी खाली येतीच," हा हिशेब. कॉम्प्युटरचा पडदा टेबलाला सुतळीनं बांधलेला. बाजारला आणलेली शेळी बांधतात तसा दिसतो, असं माझी बायको म्हणाली. प्रत्येक वायरीला सुबक अक्षरातली चिठ्ठी. एकीवर 'ही ओढू नये', दुसरीवर 'ही बी'.

हे सगळं मला पटलं. खोलीचं मात्र पटेना. पुढची खोली मोठी, खिडकी रस्त्यावर, सर लोक थेट दारातून येतील. काका म्हणाले, ती हिची. काकूंचा पलंग त्यांनी दाराला लागूनच टाकला होता. ऑफिस मागच्या अंधाऱ्या खोलीत, जिथं आधी ज्वारीच्या कोठ्या होत्या. तिला निदान बोळाकडं उघडणारं एक दार होतं. मी म्हटलं, चला, लोक इकडून येतील. तर काकांनी गवंडी लावून तेच दार विटांनी बुजवलं आणि तिथं रॅक मांडला. मी मशीनची उष्णता सांगितली, हवा कोंडेल हे सांगितलं. जन्मभर कागदावर दारं काढलेला माणूस मला म्हणाला, "नकाशात तसंच हाय."

आता काकूंची गोष्ट सांगायला हवी. बारसं असो, लग्न असो, चार माणसं जमली की काकूंना ती सांगायचा आग्रह होतो. किल्लारीच्या भूकंपाची पहाट. लातुरात यांचं भाड्याचं घर गदगदा हललं. काका उठले ते थेट रस्त्यावर. अंगावर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि हातात नकाशे काढायची लांब लाकडी पट्टी. काकू आतच. वरून गिलावा पडला, त्यातून त्या चाचपडत बाहेर आल्या. "संसार आत, पट्टी भाईर," काकू म्हणतात, आणि हशा थांबला की हळूच जोडतात, "आन् म्या येताना ह्यांची लुंगी घिऊन आले." लोक पोट धरून हसतात. काका सगळ्यांत मोठ्यानं हसतात. काकूंच्या मनात कसलाही डंख नाही, उलट ही गोष्ट त्यांच्या संसाराचा दागिनाच आहे.

इंटरनेटची वायर टाकायला मी गेलो, त्याच्या आदल्या दिवशीच एका लग्नात ही गोष्ट झाली होती. पलंगाखालून आणलेली वायर मी आतल्या खोलीत बसून ओढून घेत होतो. काकू दवाखान्यात गेल्या होत्या, गुडघ्यांसाठी. मी सहज म्हटलं, काल काकूंनी लुंगीचं काय रंगवून सांगितलं.

काका हसले नाहीत. रॅकजवळ बसून वायरीवर चिठ्ठी चिकटवत राहिले. तिथूनच म्हणाले, "तिकडं गावंच्या गावं गेली. लोकांची लेकरं गेली. त्यापुढं माझी लाज कुणाला सांगू? माझं तर काहीच गेलं न्हाई." मग म्हणाले, "पर मला तवा ती आठवलीच न्हाई हो. भ्यालो, ते ठीक. भाईर आल्यावर हातातली पट्टी बघितली, तवा ती आठवली."

त्यांनी समोरच्या बुजवलेल्या दाराकडं बोट केलं. "ते दार असतं तर म्या पुन्हा तिकडूनच पळालो असतो. माझा मला भरोसा न्हाई. आता भाईर जायाचं तर तिच्या पलंगाजवळूनच जावं लागतंय. तिला पळता येत न्हाई. म्हणून ती दाराजवळ, म्या आत."

तिला सांगू नका, एवढंच ते शेवटी म्हणाले. त्या गोष्टीला मीही वर्षानुवर्षं टाळी देत आलो होतो. मला मान वर करवेना. वायर नीट बसली की नाही तेही न बघता मी घरी आलो.

पुढं एका दुपारी जमीन जराशी हादरली. भांडी वाजली, एवढंच. पण क्लासची पोरं पाठीला दप्तरं लावून रस्त्यावर आली, त्यांच्यामागं सरही आले. काकू तेव्हा आमच्या ओट्यावर माझ्या बायकोबरोबर तूर निवडत बसल्या होत्या. त्या हसत म्हणाल्या, "बगा आता, आमचे मालक कसे निघतेत." सगळ्यांनी त्यांच्या दाराकडं बघितलं.

काका आले नाहीत. काकू थोडा वेळ हसत राहिल्या, मग थांबल्या. सूप खाली ठेवून उठल्या. मी हात पुढं केला, पण त्या ओट्याच्या भिंतीला धरून उतरल्या आणि तशाच निघाल्या. मी त्यांच्या पुढं होऊन आत शिरलो.

काका पुढच्या खोलीत होते. काकूंच्या रिकाम्या पलंगापाशी उभे, दार दोन पावलांवर उघडं. पलंगावरची गोधडी उचकटलेली, स्वयंपाकघराची, न्हाणीची दारं सताड उघडी. मला बघून म्हणाले, "ही कुठं दिसंना."

"म्या भाईर हाय," काकू उंबऱ्यातून म्हणाल्या. "तुम्ही काय करायलाव आत?"

काका गोधडीची घडी घालायला लागले, ती जमेना. काकू लंगडत पुढं आल्या आणि त्यांनी काकांचा हात धरला. काकांचं ते बोलणं मी काकूंना कधी सांगितलं नव्हतं, पण आता सांगायची गरज उरली नसावी. त्या एकदा पलंगाकडं, एकदा आतल्या खोलीकडं बघत राहिल्या.

दोघं बाहेर आले. सगळी गल्ली बघत होती. काका अनवाणी, मान खाली. काकूंनी हात सोडला नव्हता. दारातली पायरी उतरताना काका हळूच त्यांना म्हणाले, "तुला उगंच पायरी चढाय लावली."