आखूड पत्त्याचे वैरी

हणमंतबापू दुकानाच्या पायरीवर दिसले, की मी आधी मार्कर लपवते.

तासगावात एसटी स्टँडजवळ माझं कुरिअरचं आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. दुसऱ्या कुणाच्या हातात मार्कर पडला तर तो फार तर एखादा फोन नंबर लिहितो. बापूंच्या हातात पडला तर खोक्याच्या सहाही बाजू भरतात. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, राज्य, देश, सगळं पुरं. शिवाय पाण्याच्या टाकीपासून कोणत्या अंगाला वळायचं, तेही.

"आखूड काम न्हाई पायजे, सूनबाई," असं म्हणतच ते आत येतात. माझं सासर त्यांच्याच गल्लीत, त्यामुळे मी अख्ख्या गल्लीची सूनबाई. गिऱ्हाईक सासऱ्याच्या नात्यातलं निघालं की दुकानदाराचे हात बांधले जातात. ओरडायचं तर "आवं बापू" म्हणूनच ओरडावं लागतं.

बापूंचं वैर फक्त पत्त्याशी नाही, आखूड केलेल्या कुठल्याही शब्दाशी आहे. ते सोसायटीत जात नाहीत, 'विविध कार्यकारी सहकारी सेवा सोसायटी'त जातात, आणि कुठं निघालात असं विचारणाऱ्याला हे सगळं ऐकेपर्यंत उन्हात उभं राहावं लागतं. लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.' दिसलं की ते यजमानाला बाजूला घेऊन विचारतात, "पोरीचं लगीन एकदाच करताय न्हवं? मग छपाईला कंजुषी कशाला?" गेल्या वर्षी अशाच एका मांडवातून त्यांना जेवायच्या आधी निघावं लागलं होतं. माझ्या दुकानाच्या पाटीवरचं 'प्रो. प्रा.' त्यांनी मला तीनदा खोडायला लावलं. पाटी माझी, पैसे माझे, रंग माझा.

बापूंच्या मंडळी, शांताकाकू, होत्या तोवर यावर उतारा होता. बापूंचं बोलणं लांबायला लागलं की काकू आतून "आवं, बास की" एवढंच म्हणायच्या आणि बापू गप्प व्हायचे. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून बास म्हणायचं काम गल्लीतल्या कुणालाच जमलेलं नाही.

बापू आयुष्यभर गलाईच्या धंद्यात होते. गलाई म्हणजे सराफांचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. आमच्या या कोरड्या पट्ट्यातली माणसं त्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. तमिळनाडूत जा नाहीतर बंगालमध्ये, सराफ बाजारामागच्या बोळात, भट्टीपुढं आमच्याकडचं एक तरी माणूस बसलेलं सापडतं. म्हणूनच दिवाळीत माझ्या दुकानातून चकल्या आणि बेदाणे जवळजवळ सगळ्या राज्यांत जातात, आणि म्हणूनच राज्यांच्या त्या दोन-दोन इंग्रजी अक्षरांनी माझं डोकं उठवलेलं असतं.

आमच्याकडे लोक गावाच्या नावाआधी इंग्रजीत 'ए/पी' लिहितात. त्याचा अर्थ ॲट पोस्ट. बाहेरचा माणूस ते आंध्र प्रदेश वाचतो. कुणी हुशार मुक्काम पोस्टचं 'एम.पी.' करतो, मग ते खोकं मध्य प्रदेश बघून येतं. ओडिशाची अक्षरं बदलली, तेलंगणाची तर मध्येच पुन्हा बदलली. मी आता फक्त पिनकोडवर विसंबते. सहा आकडे टाकले की खोकं आपलं आपण वाट शोधतं. हे बापूंना मी हजारदा सांगितलंय.

"आकड्यानं म्हशी वळखत्यात, कानात बिल्ला मारून," बापू म्हणतात. "माणसं न्हाईत."

बापूंचं स्वतःचं दुकान आंध्रात होतं. पुढे राज्य फुटलं आणि बापू बसल्या जागी तेलंगणात गेले. "म्या जागचा हललो न्हाई आन माजं राज्य बदाललं," हे ते अजून कुणावर तरी दावा ठोकायच्या सुरात सांगतात. त्यानंतर धंदा पुतण्याच्या हवाली करून ते गावी परतले आणि माझ्या नशिबी आले.

त्यांची एकुलती एक लेक प्रियांका. तीही गलाईवाल्याच्याच घरात दिली, पार वर, उत्तराखंडात काशीपूरला. यंदा तिचं पहिलं बाळंतपण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी एवढा प्रवास नको म्हणून सांगितलं, आणि माहेरी तरी करायला होतं कोण? मुलगी झाली. बारसं सव्वा महिन्यानं काशीपुरातच ठरलं. बारशाला बाळाची कुंची माहेरची लागते. टोपडं, अंगडं, दुपटं बाकी कुणीही आणावं, कुंची आजोळचीच. म्हणजे एरवी जे काम शांताकाकूंनी महिनाभर मिरवत केलं असतं, ते बापूंच्या अंगावर आलं.

एके सकाळी ते खोकं घेऊन हजर झाले. मी वजनकाट्यावर ठेवलं आणि म्हटलं, "बापू, विटा भरल्यात का काय?"

"डिंकाचं लाडू हायत."

"कुणी केले?"

"केले कुणीतरी," बापू छताकडे बघत म्हणाले. त्यांच्या बोटांना पाकाचे चटके बसलेले दिसत होते. लाडवांच्या वर, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात कुंची होती. हिरव्या खणाची, लाल काठाची, गळ्याशी बांधायला दोन बंद. सांगलीला जाऊन त्यांनी ती शिवून आणली होती, आणि शिंप्याला दोनदा उसवायला लावली होती म्हणे.

मी पत्ता टाकला. मशीनमधून चिठ्ठी आली. काशीपूर, पिनकोड, आणि पुढे 'यूके'. सवयीनं मी खोक्यावरही मार्करनं मोठं 'यूके' लिहिलं.

"ह्ये काय?" बापू ओरडले. "यूके म्हंजे इलायत!"

"उत्तराखंड, बापू. सगळे असंच लिहितात."

"सगळी येडी हायत. माजी नात इलायतीत न्हाई जल्मली. पुरं लिव."

"पिनकोड आहे ना! आता दुकानात गर्दी आहे, जावा तुमी." आणि मी खोकं पाठवून दिलं.

चार दिवसांनी बापूंना पुण्याहून फोन आला. कुठल्यातरी नवशिक्यानं मार्करचं 'यूके' बघून खोकं परदेशी मालात टाकलं होतं. आता तो पासपोर्टची झेरॉक्स आणि मालाची यादी मागत होता. बापूंनी त्याला यादी दिली. डिंक, खारीक, खोबरं, खसखस, गूळ, सगळं पुरं, कुठल्या दुकानातून घेतलं त्यासकट. शेवटी विचारलं, "इलायतीत गूळ चालतोय का?" त्या पोरानं कंटाळून खोकं परत धाडलं.

बापू ते घेऊन दुकानात आले, तेव्हा त्यांचा चेहरा निवडणूक जिंकलेल्या माणसासारखा होता. म्हणाले, "म्या काय म्हनलं व्हतं?" सकाळपासून संध्याकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ती हकिकत सांगितली. मी दात-ओठ खाऊन झेरॉक्स काढत बसले. चूक पुण्यातल्या पोराची, आणि ऐकून घ्यायचं मी!

"आता म्या लिवनार," त्यांनी जाहीर केलं. मी मार्कर दिला. देऊ नये तो दिला.

त्यांनी खोकं घरी नेलं. दुसऱ्या दिवशी आणलं तेव्हा त्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. काशीपूरचा पत्ता मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. उत्तराखंड राज्य, भारत देश, 'इलायत नव्हे' ही ताकीद. पाठवणाऱ्याचाही पत्ता पुरा पाहिजे म्हणून तासगावचा पत्ताही तेवढ्याच टपोऱ्या अक्षरांत, निम्म्या बाजूंवर. मी जिथं जरा मोकळं दिसलं तिथं चिठ्ठी चिकटवली. माझी पाठ वळताच बापूंनी तिच्यावर चिकटपट्टीचे चार थर दिले, पावसापाण्यानं भिजू नये म्हणून. पाऊस दिवाळीआधीच संपला होता.

चिकटपट्टीखालची चिठ्ठी वाटेत कुठल्याही यंत्राला वाचता आली नाही. मग माणसांनी खोकं वाचलं, आणि जी बाजू वर होती ती वाचली. आठवड्याभरानं आमचाच डिलिव्हरीवाला बापूंच्या दारात उभा राहिला. बापूंनी खोकं घेतलं, कागदावर स्वतःचं, वडलांचं आणि आडनाव घालून ऐसपैस सही केली, आणि डिलिव्हरीवाला कोपऱ्यावर जाऊन वळल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

त्या दिवशी मंगळवार होता. बारसं रविवारी.

दुपारी ते दुकानात आले. खोकं काउंटरवर ठेवलं. या खेपेला आखूड काम नको वगैरे काही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "घाल ह्ये पुन्यांदा."

माझा पारा चढलेलाच होता. "न्हाई घालत," मी म्हटलं. "रविवारपर्यंत पोचायचं न्हाई. आणि पोचलं तरी तुमी त्याच्यावर काहीतरी लिवणार. आवं बापू, एवढा पत्ता पाठ हाय तुमाला, तीन भाषांत लिवताय, मग सोताच का जात न्हाई? मिरजेहून दिल्लीची गाडी हाय. सगळा मुलूख फिरलाय तुमी!"

"द्राक्षबागेची छाटनी हाय."

"छाटणी कवाच झाली. मी तितल्याच बेदाण्याच्या शेडवरनं रोज येते, मला दिसत न्हाई व्हय?"

बापू गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"प्रियांका रोज म्हनती, आबा या," ते म्हणाले. "जावायाचाबी फोन आला. पर तितं जाऊन म्या करू काय, सूनबाई? बारशाला आजी लागती. कुंची घालाय, पाळन्याखालनं पोर घ्याय, कानात नाव सांगाय. तितल्या बाया इचारतील, आईकडनं कोन आलंय. म्या एकटा हुबा ऱ्हानार दारात, खोकं घिऊन. पोरगी माज्याकडं बघंल आन तिला आई आठवंल. चांगल्या दिवशी रडंल ती." मग म्हणाले, "खोकं गेलं म्हंजे कसं, कुनी इचारत न्हाई संगं कोन आलं."

इतके दिवस हा माणूस राज्याच्या नावावरून माझ्याशी भांडत होता, आणि मी त्याच्याशी पिनकोडवरून. त्यांच्या जळलेल्या बोटांकडे बघून मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून पुन्हा रागही आला.

बापू खाली बघूनच म्हणाले, "एक इचारू? आजीच न्हाई, तर कुंची आजोबानं घातली तर चालतं काय?"

खरं सांगायचं तर मला ठाऊक नव्हतं. मी कधी बघितलेलं नाही, कधी ऐकलेलं नाही. आमच्यात पुरुष बारशाच्या दिवशी बाहेर मांडवात घुगऱ्या खात बसतात.

"चालतं की," मी म्हटलं. "आमच्या माहेरी, फलटणकडं, आजोबाच घालतात."

"व्हय?"

"व्हय तर. तसाच मान हाय तितं. बायकांना हातसुद्धा लावू देत न्हाईत."

बापूंनी माझ्याकडे नीट बघितलं. मीही नजर हलवली नाही. मग ते उठले, खिशातल्या चाकूनं खोक्याची चिकटपट्टी कापली आणि कुंची बाहेर काढली. काउंटरवर पसरून तिची घडी दोन्ही हातांनी सारखी केली. बंद हातात घेतले, आणि तिथंच अडले.

"गाठ कशी मारायची? म्या कवा मारली न्हाई. प्रियांकाच्या टायमाला म्या भट्टीवर व्हतो, आंध्रात."

मी डाव्या हाताची मूठ वळली आणि काउंटरवर उभी धरली. "हे बाळाचं डोकं समजा. हनुवटीखालनं घ्या."

बापूंनी माझ्या मुठीवर कुंची चढवली. गाठ मारली, ती तिरकी बसली, सोडली, पुन्हा मारली. आयुष्यभर सोन्याची तापलेली मूस चिमट्यात धरणारी ती बोटं बंदात गुंतत होती. दारात दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली, मी त्यांना मानेनंच थांबा म्हटलं. शेवटी गाठ जमली. बापूंनी एक बोट हळूच बंदाच्या आत घालून बघितलं.

"लय घट न्हाई न्हवं झाली?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता, मुठीला.