गोड बोलणारा हेडफोन

एका निरपराध हेडफोनवर मी तीन वर्षं आळ राहू दिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण गांगुर्डेनानांबद्दल बोलायला लागलो की त्यांच्या गमती आठवत जातात, आणि गमतीच्या आडोशाला आपली चूक लपवायची मला जुनी सवय आहे.

नाना आमचे शेजारी. सातपूरच्या कामगार कॉलनीत आमची घरं इतकी जवळ, की त्यांची बाहेरची खोली आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये जेमतेम हातभर बोळ. दोन्ही खिडक्या समोरासमोर. नाना मूळचे नांदगावकडचे. इथल्या एका कारखान्यात आधी पत्रे ठोकणाऱ्या मशीनवर, म्हणजे प्रेस शॉपला होते, मग इन्स्पेक्शनला. दुसऱ्यांनी बनवलेल्या जॉबमधल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं पगारी काम. घरी आल्यावर तेच काम ते फुकट करत. ताटात भाकरी पडली की आधी उजेडाकडे धरून बघायची.

"कमल, एका बाजूला जाड हाय. पण टॉलरन्समध्ये हाय, एवढा फरक चालतो. पास."

"मग टॉलरन्सच खा," कमलवहिनी तव्यावरून नजर न उचलता म्हणायच्या.

दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. नानांच्या पुतण्यानं सायबर कॅफे बंद केला आणि त्यातला एक कॉम्प्युटर काकांकडे आणून ठेवला. कॉलनीला वाटलं, नाना आता पत्ते खेळणार. नानांनी जाहीर केलं, "कमलची सीडी काढायची. आठ गाणी. घरीच."

कमलवहिनी चार माणसांत कधी गायल्या नव्हत्या. पण संध्याकाळी पेटी घेऊन बसल्या आणि एखादं भीमगीत त्यांनी लावलं, की फोडणी टाकता टाकता आमच्या सुनंदाचा हात थांबायचा. मोहरी करपायची. आमच्या घरी त्या काळात पुष्कळ भाज्या करपल्या.

नानांनी बाहेरच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या. भरतकामाच्या रिंगवर जुना पायमोजा ताणून माइकपुढे लावला. पंखा बंद. घड्याळ काढून संडासात ठेवलं. सगळं झालं आणि एकच गोष्ट राहिली: हेडफोन.

हजाराच्या आतला हेडफोन घ्यायला नानांना साडेपाच महिने लागले. दर रविवारी मेनरोडच्या मागच्या गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जायचं आणि मला सोबत न्यायचं. नानांनी घरून एक सीडी बनवून आणलेली असायची. दुकानदार राजूशेठनं पहिल्यांदा ती लावली तेव्हा त्याला वाटलं, मशीन बिघडलं. सीडीवर गाणं नव्हतंच. फरशीवर पडणारा पाना, कमलवहिनींच्या बांगड्या, भाजीवाल्याची हाक आणि शेवटी नानांची स्कूटर, किक मारण्यापासून बंद पडेपर्यंत.

नाना हेडफोन कानांवर चढवत, डोळे मिटत आणि निकाल देत. "रिजेक्ट. लय गोड बोलतोय."

"अहो नाना, कंपनीचा माल आहे. गाणी लावून बघा, काय बास आहे, कसा घुमतो!"

"तेच म्हणतोय मी. ह्याच्यात माझ्या स्कूटरला नवं इंजिन बसवल्यासारखं वाटतंय. माझी स्कूटर खटारा हाय. ज्याच्यात ती खटारा वाटंल, तो हेडफोन मला दे."

राजूशेठ माझ्याकडे बघायचा. मी दुकानाच्या छताकडे बघायचो.

एकदा मीच वैतागून विचारलं, "नाना, चांगलं ऐकू येतंय तर बिघडलं काय?"

नानांनी मला समोरच्या मिसळीच्या हॉटेलात नेलं. मिसळ आली, तिच्यावर बोटभर तर्री. "ही तर्री म्हणजे बास. पहिल्या घासाला वाटतं, वा! पण खालची मटकी शिजलीय की कच्ची, ते कळतंय का? गाणं ऐकणाऱ्यानं तर्री खावी. गाणं बनवणाऱ्याला मटकी दिसली पाहिजे. हेडफोन गोड बोलला तर मला वाटंल सगळं बरोबर हाय, आणि लोकांपुढं मात्र कच्ची मटकी जाईल." मग त्यांनी माझ्याही वाट्याची तर्री चमच्यानं बाजूला केली.

त्यांच्या आणखी परीक्षा होत्या. हेडफोन चष्म्याच्या काड्यांवर तासभर दाबून धरायचा, डोकं दुखलं तर रिजेक्ट. गळती तपासायची, म्हणजे हेडफोन नानांच्या कानांवर आणि माझा कान त्यांच्या गालाला. "अशोक, बाहेर किती गळतंय बघ. गळका असला तर कमल गाताना माइकमध्ये जाईल." भर रविवारी दोन प्रौढ पुरुष गालाला गाल लावून बसलेत हे बघायला काचेबाहेर माणसं थांबायची. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे, प्रत्येक हेडफोन एकदा सरळ घालून झाला की नाना तो उलटा घालून पुन्हा ऐकत. डावा उजव्या कानावर, उजवा डाव्यावर. वायर नाकाच्या दुसऱ्या बाजूनं लोंबायची. मला वाटायचं, इन्स्पेक्शनवाला माणूस, वस्तू उलटीपालटी करून बघणारच.

अखेर एक साधा काळा, कुणी हात न लावलेला हेडफोन निघाला. नानांनी स्कूटर ऐकली. शेवटचा फटफटाट संपल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "खटारा! तंतोतंत खटारा. पास."

मग रेकॉर्डिंग सुरू झालं. त्या दिवशी सकाळी नाना घरोघर जाऊन सांगून आले. आमच्या दारातही उभे राहिले. "अशोक, अकरा ते बारा कुकर लावू नका, बरं का. एक माइक वहिनीपुढं हाय, दुसरा पेटीच्या मागं, तुमच्या खिडकीकडं तोंड करून."

"अजिबात नाही लावणार, नाना." आणि हे सुनंदाला सांगायचं मी विसरलो.

आठवडाभर नाना कॉम्प्युटरसमोर बसून होते. उजव्या बाजूला वहिनींचा आवाज, डाव्या बाजूला पेटी, अशी त्यांनी मांडणी केली. एका रविवारी दुपारी मला हाक आली.

"ये. फायनल इन्स्पेक्शन. आमच्याकडं नियम हाय, ज्यानं जॉब बनवला त्यानं तो पास करायचा नाही. दुसऱ्यानंच बघायचा. तू सगळं ऐक. विशेषतः डावी बाजू. काही खटकलं तर हात वर कर." त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर स्वतःच्या हातानं बसवला आणि मला त्रास नको म्हणून पाठ करून बसले.

त्या दिवशी भारताची मॅच होती. आमच्या घरातला टीव्ही खिडकीतून ऐकू येत होता. शेवटची सहा षटकं उरली होती. पहिलं गाणं मी नीट ऐकलं, अगदी मनापासून. दुसऱ्या गाण्याला मी डावा हेडफोन हळूच कानाच्या मागे सरकवला आणि उजव्या कानानं वहिनी, डाव्या कानानं कॉमेंटरी असा बसलो. मान डोलवत होतो. मॅच जिंकली तेव्हा जरा जास्तच डोलवली.

आठवं गाणं संपल्यावर नाना वळले. "काय?"

"पास," मी म्हणालो. "एक नंबर, नाना."

"डावी बाजू?"

"एकदम स्वच्छ."

नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दारात वहिनी उभ्या होत्या. त्या दिवशी मला चहाबरोबर रव्याचा लाडू मिळाला. तो मी खाल्ला.

वैशाख पौर्णिमेला विहारात ती सीडी लावायची ठरली. वहिनी नको नको म्हणत होत्या, मग पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. पहिली दोन गाणी झाली. माणसं वळून वळून त्यांच्याकडे बघत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "गांगुर्डेवहिनी? खरंच?" वहिनींनी पदर सारखा केला. त्यांची मान जराशी वर आली होती, हे मी पाहिलं.

तिसऱ्या गाण्याच्या कडव्यात, अगदी सुरेल जागी, विहाराच्या दोन्ही कर्ण्यांमधून शिट्टी वाजली. मग दुसरी. मग तिसरी. आणि पाठोपाठ माझा आवाज, स्वच्छ आणि खणखणीत: "अगं सुनंदा, तीन झाल्या! बंद कर की, भाताचा लगदा होईल!"

विहार हसून लोटपोट झाला. "अशोकभाऊ, भात काय म्हणतोय?" असं कुणीतरी ओरडलं. पोरं शिट्ट्या काढू लागली. वहिनीसुद्धा हसल्या. हसत हसतच उठल्या, खीर बघून येते म्हणाल्या आणि मागच्या बाजूला गेल्या. पुढची पाच गाणी वाजली, पण त्या परत आल्या नाहीत.

संध्याकाळी मी नानांकडे गेलो तेव्हा ते हेडफोन पुसून खोक्यात भरत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "माझीच निवड चुकली. तुझ्यासारख्या माणसालासुद्धा ह्यानं कुकर ऐकू दिला नाही. लय गोड बोलला."

बोलायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "हो नाना. हेडफोनच खराब निघाला."

खोकं माळ्यावर गेलं. पेटीवर आधी कापड आलं, मग इस्त्रीचे कपडे. संध्याकाळी वहिनी आता टीव्ही बघायच्या. आमच्या भाज्या करपायच्या थांबल्या. एकदा सुनंदा जेवताना म्हणाली, "भाजी चांगली झालीय, नाही? मेली चांगलीच होते हल्ली." आणि ताट घेऊन उठून गेली.

नाना मात्र हरले नव्हते. "खरं बोलणारा हेडफोन मिळाला की कमलला म्हणेन, चल, पुन्हा बस." रविवार पुन्हा सुरू झाले. मी न चुकता सोबत जायचो. मला वाटायचं, गालाला गाल लावून बसलं की थोडं पाप फिटत असेल. अशी तीन वर्षं गेली. नाना रिटायर झाले. एकामागून एक हेडफोन रिजेक्ट होत राहिले, कारण नाना आता ज्याच्यात कुकर लपणार नाही असा हेडफोन शोधत होते, आणि तसा त्यांच्या माळ्यावर आधीच पडला होता.

अशाच एका रविवारी नानांनी नेहमीप्रमाणे हेडफोन उलटा चढवला. राजूशेठ हसत म्हणाला, "नाना, आज विचारतोच. उलटा का घालता? डावा खराब वाटतो का?"

"डावा खराबच हाय," नाना म्हणाले. "हेडफोनचा नाही. माझा."

राजूशेठचं हसू थांबलं. माझंही.

बाहेर येऊन चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर बसलो. नाना नेहमीसारखे मला उजव्या हाताला घेऊन बसले. ते कायम तसेच बसायचे, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं.

"प्रेस शॉपची मेहेरबानी," ते म्हणाले. "बारा वर्षं तो दणका. डाव्या कानाला काहीच येत नाही. म्हणून एक एक बाजू उजव्या कानाला लावून बघतो."

"कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगू? कमल आयुष्यभर एकट्या माझ्यापुढं गायली. तिला काय सांगू, तुझं गाणं मला अर्धंच येतं म्हणून?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "सीडी काढली की बाकीचे तरी पुरं ऐकतील, असं वाटलं होतं."

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "नाना, मग त्या सीडीच्या वेळी घरी उलटा घालून का नाही ऐकलात? कुकर लगेच कळला असता."

नानांना प्रश्नच समजला नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "घरी कशाला? घरी तू होतास ना."

मी उठलो. ग्लास ठेवायचं निमित्त करून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो. तिथून मी सगळं सांगितलं. सुनंदाला निरोप द्यायला विसरलो ते, मॅच, कानामागे सरकवलेला हेडफोन, लाडू, सगळं. बोलताना आवाज लागत होता आणि धीरही येत होता. नाना समोर रस्त्याकडे बघत शांतपणे चहा पीत होते.

मग त्यांनी वळून विचारलं, "काही म्हणालास का?"

मी पुन्हा उठलो. त्यांच्यासमोरून वळसा घालून उजव्या बाजूला आलो आणि त्यांच्या कानाशी वाकलो.

"नाना, तुमचा हेडफोन कधीच खोटं बोलला नाही. मी बोललो. मी डावी बाजू ऐकलीच नव्हती. मला माफ करा, आणि घरी चला, वहिनींचीही माफी मागायची आहे."